यीस्टने मागे ठेवलेली साखर : रेचोतो या गोड लाल वाइनची ओळख

लाल वाइन गोड आहे असे सांगितले की बहुतेकांचा पहिला ग्रह असा होतो की तयार वाइनमध्ये कोणी तरी वरून साखर किंवा पाक ओतला असणार. वाइनच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या काही पेयांत तसे होतेही, त्यामुळे हा ग्रह अगदीच निराधार नाही. परंतु इटलीच्या ईशान्य भागात, व्हेरोना शहराच्या उत्तरेकडील टेकड्यांवर तयार होणाऱ्या ‘रेचोतो देल्ला वाल्पोलिचेल्ला’ या वाइनमध्ये बाहेरून आलेल्या साखरेचा कणही नसतो. तिची सगळी गोडी द्राक्षाचीच असते आणि ती बाटलीपर्यंत पोहोचते याचे कारण एवढेच की रस आंबवणाऱ्या यीस्टला ती सगळी संपवता आलेली नसते. ही उरलेली गोडी आहे. एवढे नीट ध्यानात आले, तर या वाइनची द्राक्षे महिनोन्‌महिने माळ्यावर का ठेवतात, तिच्याच पोटी अमारोनेसारखी जगप्रसिद्ध वाइन कशी आली आणि तिच्यासोबत काय खावे व काय खाऊ नये, या सगळ्याचा उलगडा होत जातो.

वाइनमध्ये साखर उरत का नाही

पिकलेल्या द्राक्षाच्या रसात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साखरा जवळजवळ सारख्या प्रमाणात असतात. यीस्ट ही एकपेशीय बुरशी त्या साखरा खाते आणि त्यांच्यापासून अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार करते. वाइन करणाऱ्यांचा ढोबळ ठोकताळा असा आहे की एका लिटर रसातील साधारण १७ ग्रॅम साखर संपली की अल्कोहोल एका टक्क्याने वाढते. नेहमीच्या पिकलेल्या लाल द्राक्षांच्या रसात लिटरमागे दोनशे ते सव्वादोनशे ग्रॅम साखर असते. ती पुरती संपली की बारा-तेरा टक्के अल्कोहोलची वाइन होते आणि जिभेला जाणवेल इतकी साखर मागे राहत नाही. अशा वाइनला ‘ड्राय’ म्हणतात. जगातील बहुतेक लाल वाइन या प्रकारच्या असतात, कारण यीस्टला मोकळे सोडले तर ते हातातले काम सहसा अर्धवट टाकत नाही.

तेव्हा लाल वाइन गोड ठेवायची असेल तर यीस्टला वाटेतच थांबवावे लागते, आणि त्याचे तीन मोठे मार्ग आहेत. पोर्तुगालच्या दोउरो खोऱ्यातील पोर्ट वाइनमध्ये रस निम्मा-अधिक आंबला की त्यात ७७ टक्के अल्कोहोलचे द्राक्षमद्य ओततात. एकूण अल्कोहोल एकोणीस-वीस टक्क्यांवर जाते आणि यीस्टचा कारभार आटोपतो. इटलीच्याच पिएमोंते प्रांतातील ब्राकेत्तो द’आक्वी या हलक्या, बहुधा फेसाळ वाइनमध्ये अल्कोहोल जेमतेम पाच-सात टक्के झाले की द्रव कडक थंड करून गाळतात, म्हणजे यीस्टच बाहेर काढले जाते. तिसरा मार्ग फार जुना आणि या तिघांत सर्वांत वेळखाऊ आहे : द्राक्षातले पाणी आधीच कमी करायचे आणि रस साखरेने इतका जड करून टाकायचा की यीस्टला तो पेलू नये. रेचोतो या तिसऱ्या मार्गाने जाते.

हा मार्ग आकड्यांत मांडला की लगेच समजतो. समजा, एक किलो ताज्या द्राक्षांत १८० ग्रॅम साखर आहे. ती द्राक्षे वाळत ठेवली आणि त्यांचे वजन चाळीस टक्क्यांनी उतरले, तर सहाशे ग्रॅम द्राक्षे उरतात. उडून गेले ते बहुतेक सगळे पाणी. साखर जवळपास आहे तिथेच आहे. म्हणजे तिचे प्रमाण अठरा टक्क्यांवरून तीस टक्क्यांवर गेले. अशा द्राक्षांच्या रसात लिटरमागे साधारण ३२० ग्रॅम साखर भरते. ती सगळी आंबली तर अल्कोहोल एकोणीस टक्क्यांच्या जवळ जाईल, पण तेवढी मजल मारणे बहुतेक यीस्टच्या आवाक्यात नसते. ते तेरा टक्क्यांवर थांबले असे धरू. तेरा गुणिले सतरा, म्हणजे २२१ ग्रॅम साखर खर्ची पडली आणि लिटरमागे शंभर ग्रॅम शिल्लक राहिली. प्रत्यक्षात वाळणारे द्राक्षही जिवंत असते आणि श्वसनासाठी थोडी साखर वापरते, सालीचे व बियांचे वजन निराळे असते, दर वर्षाचा हंगाम निराळा असतो. त्यामुळे हा कागदी हिशेब तंतोतंत उतरत नाही आणि काही रेचोतोंमध्ये ही शिल्लक दीडशे ग्रॅमच्याही पुढे जाते.

यीस्टची कोंडी दोन्ही बाजूंनी होते. सुरुवातीला अतिगोड रस यीस्टच्या पेशीतले पाणी बाहेर खेचतो, त्यामुळे आंबण्याची क्रिया रखडतच सुरू होते. पुढे साखर कमी होऊन पेशीला हायसे वाटावे, तोवर तिने स्वतःच तयार केलेले अल्कोहोल तिच्या भोवती साचलेले असते. या ओढाताणीत यीस्ट ग्लिसरॉल नेहमीपेक्षा जास्त तयार करते, आणि वाइन जिभेवर मऊ, भरीव लागते त्यात त्याचाही हात असतो. शिवाय यीस्ट आधी ग्लुकोजवर ताव मारते आणि फ्रुक्टोज मागे ठेवते. दोन्हींत अधिक गोड लागणारी साखर फ्रुक्टोज, त्यामुळे शिल्लक राहिलेले शंभर ग्रॅम जिभेला शंभरापेक्षा थोडे जास्तच वाटतात.

वाल्पोलिचेल्ला : प्रदेश

व्हेरोना हे व्हेनेतो प्रांतातले, आदिजे नदीच्या वळणात वसलेले शहर. त्याच्या पश्चिमेला गार्दा सरोवर आणि उत्तरेला लेस्सीनी डोंगररांग आहे. या डोंगरांतून दक्षिणेकडे मैदानाकडे उतरणाऱ्या दऱ्या पसरलेल्या हाताच्या बोटांसारख्या शेजारी-शेजारी पडल्या आहेत, आणि त्यांच्या उतारांवरच्या द्राक्षबागांचा प्रदेश म्हणजे वाल्पोलिचेल्ला. या नावाचा अर्थ ‘अनेक तळघरांची दरी’ असा सांगण्याची तिथे आवड आहे. व्युत्पत्ती म्हणून ती वादग्रस्त आहे, पण वाइनच्या प्रदेशाला इतकी शोभणारी व्युत्पत्ती कोणी सहजासहजी सोडणार नाही.

सांताम्ब्रोजो, सान पिएत्रो इन कारिआनो, फुमाने, मारानो आणि नेग्रार ही पाच गावे म्हणजे या प्रदेशाचा जुना गाभा. बाटलीवर ‘क्लास्सिको’ हा शब्द असेल तर द्राक्षे या पाच गावांच्या हद्दीतली आहेत असे समजावे. पूर्वेकडच्या वाल्पांतेना दरीचे नावही लेबलावर स्वतंत्रपणे येऊ शकते. डोंगरउतारांवर जागोजागी चुना-सिमेंट न वापरता नुसते दगडावर दगड रचून बांधलेल्या ताली दिसतात. त्यांना स्थानिक भाषेत ‘मारोन्ये’ म्हणतात. जमीन काही ठिकाणी चुनखडीची आहे, काही ठिकाणी ज्वालामुखीच्या काळ्या दगडाची. सरोवरामुळे हवेतला कडाका थोडा कमी होतो, आणि डोंगरावरून खाली येणारा वारा हवा खेळती ठेवतो. हा वारा पुढे माळ्यावरच्या द्राक्षांना फार उपयोगी पडतो.

कोर्विना आणि तिचे सोबती

रेचोतो एका जातीच्या द्राक्षाची होत नाही, पण तिच्या मिश्रणात कोर्विना या जातीचे राज्य असते. नियमांनुसार कोर्विनाचे प्रमाण ४५ ते ९५ टक्के असावे लागते आणि त्यातला काही वाटा कोर्विनोने या जातीने भरून काढता येतो. रोंदिनेल्ला ही जात ५ ते ३० टक्के हवी. त्याखेरीज त्या भागात परवानगी असलेल्या इतर लाल जाती थोड्या प्रमाणात चालतात. मोलिनारा ही फिक्या रंगाची जात एके काळी मिश्रणात असायचीच; आता ती सक्तीची राहिलेली नाही आणि तिच्या बागाही कमी होत गेल्या आहेत.

कोर्विनामध्ये एक गोष्ट अशी आहे जी वाळवणीसाठी सोन्यासारखी आहे, आणि एक अशी आहे जी बागायतदाराला कामाला लावते. तिच्या मण्याची साल जाड असते, त्यामुळे मणी फुटल्याशिवाय आठवडेच्या आठवडे सुकत राहू शकतो, आणि तिच्या रसातला आंबटपणा पिकल्यावरही टिकून राहतो. मात्र तिच्या काडीच्या बुडाकडील पहिले काही डोळे फळ देत नाहीत. आखूड छाटणी केली तर हाती फक्त पाला येतो. म्हणून तिथे काडी लांब राखतात आणि वेल मांडवावर चढवतात. व्हेरोनाचा हा मांडव पूर्ण सपाट नसून एका बाजूला किंवा दोन्ही बाजूंना छपरासारखा थोडा वर चढत गेलेला असतो. घड पानांच्या खाली मोकळ्या हवेत लोंबतात, त्यांना दुपारचे कडक ऊन थेट लागत नाही आणि ओलही साचून राहत नाही. तारांच्या सरळ रांगांवरच्या नव्या बागाही आता पुष्कळ आहेत, आणि मांडव चांगला की तार हा वाद तिथे आजही चालतो.

कोर्विनाची ताजी वाइन रंगाने काळीकुट्ट नसते. तिच्यात टॅनिन, म्हणजे चहाच्या कडक काढ्यासारखा जिभेला ओढ लावणारा तुरटपणा, बेताचाच असतो. तिची ओळख आंबट चेरीचा वास आणि घोटाच्या शेवटी येणारी कडवट बदामाची हलकी छटा ही आहे. कोर्विनोने ही कोर्विनाचीच मोठ्या मण्यांची आवृत्ती असल्याचे पुष्कळ काळ मानले जाई; १९९० च्या दशकात ती वेगळी जात असल्याचे मान्य झाले. रोंदिनेल्लाचे मात्र कोर्विनाशी खरेच नाते आहे : डीएनए तपासणीनुसार ती कोर्विनाची संतती ठरते. चवीत ती फार बोलकी नाही, पण ती रोगांना सहजी बळी पडत नाही, भरघोस येते आणि निमूटपणे सुकते. वाळवणीच्या कामात असा भरवशाचा सोबती लागतोच.

माळ्यावरचे शंभर दिवस

तोडणी सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरू होते आणि वाळवणीचे घड हातानेच तोडावे लागतात. सगळेच घड या कामाचे नसतात. गच्च भरलेल्या घडात मण्यांमधून हवा फिरत नाही आणि आतल्या एका फुटक्या मण्यापासून सगळा घड सडतो. म्हणून विरळ, सुटे, निरोगी घड तेवढे निवडले जातात. ते एकावर एक न रचता एका थरात मांडतात. ही मांडणी पूर्वी ‘आरेले’ नावाच्या बोरूच्या किंवा बांबूच्या तट्ट्यांवर होत असे. रेशमाचे किडे पाळायलाही त्या भागात तसलेच तट्टे वापरत. किड्यांचा हंगाम संपला की माळ्यावर द्राक्षे येत. आज त्यांची जागा बहुतेक ठिकाणी प्लास्टिकच्या किंवा लाकडाच्या उथळ क्रेटनी घेतली आहे. ज्या माळ्यावर किंवा कोठारात हे सगळे चालते त्याला ‘फ्रुत्तायो’ म्हणतात आणि या वाळवण्याला ‘आप्पास्सिमेंतो’.

ही वाळवण उन्हातली नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. उन्हात द्राक्षे झपाट्याने सुकतात आणि त्यांना शिजल्यासारखा, काळ्या मनुकांचा वास येतो. फ्रुत्तायोत ऊन नसते. असतो तो फक्त वारा. कोरडी हवा असेल त्या दिवशी खिडक्या उघडायच्या, धुके किंवा पाऊस असेल तेव्हा लावून घ्यायच्या, एवढ्यावर पूर्वी सगळा कारभार असे, आणि ओला ऑक्टोबर आला की अख्खी वाळवण बुरशीच्या तोंडी जाण्याची धास्ती असे. आता बऱ्याच ठिकाणी पंखे आणि हवेतली आर्द्रता कमी करणारी यंत्रे असतात. तरीही क्रेट उचलून घड न्याहाळणे, खराब मणी खुडून टाकणे हे काम माणसालाच करावे लागते.

डिसेंबरात असा एखादा घड हातात घेतला तर तो त्याच्या आकारमानाच्या मानाने आश्चर्य वाटावे इतका हलका लागतो. देठ तपकिरी होऊन काडीसारखा कडक झालेला असतो आणि वाकवला की कट्‌कन मोडतो. मण्यांवर सुरकुत्या पडलेल्या असतात, पण ते बेदाण्यासारखे पुरते आटलेले नसतात. चिमटीत दाबले की दाट, चिकट रस येतो आणि बोटे एकमेकांना चिकटतात. चवीला आधी साखर लागते, मग तिच्या मागून आंबटपणा येतो. हा आंबटपणा महत्त्वाचा आहे. द्राक्षातले एक आम्ल, मॅलिक आम्ल, श्वसनात काही प्रमाणात खर्च होते, परंतु पाणी उडाल्यामुळे उरलेला आंबटपणा एकवटतो. साखरेइतका तो वाढत नाही हे खरे, पण तो मुळात भक्कम असल्यामुळे गोडीला वेसण घालण्यापुरता पुरतो.

या काळात द्राक्ष नुसते आटत नाही, ते बदलतेही. वेलीपासून तुटलेल्या, पाणी गमावत चाललेल्या मण्यात ताणाला तोंड देणारी जनुके कामाला लागतात; कोर्विनावरच्या अभ्यासांत सालीतील रेस्व्हेराट्रोलसारख्या संयुगांशी संबंधित जनुके वाळवणीत अधिक सक्रिय झालेली आढळली आहेत. वासांचेही तसेच होते. ताज्या आंबट चेरीचा वास मागे पडून मुरवलेली चेरी, सुके अंजीर, मसाल्याचे पदार्थ अशा वासांकडे तो सरकतो. म्हणून ताज्या द्राक्षांच्या वाइनमध्ये साखर मिसळून रेचोतो तयार होणार नाही. गोडी जमेल, बाकीचे काहीच जमणार नाही.

वाळवलेली द्राक्षे, हवामान अपवादात्मक असल्याखेरीज, १ डिसेंबरपूर्वी चिरडता येत नाहीत, आणि रेचोतोसाठी ती बहुधा जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत ठेवतात. शंभर किलो ताज्या द्राक्षांपासून जास्तीत जास्त चाळीस लिटर वाइन काढण्याची मुभा आहे. नेहमीच्या लाल वाइनमध्ये तेवढ्याच द्राक्षांतून सत्तर लिटरच्या आसपास निघतात, हे लक्षात घेतले की रेचोतो स्वस्त का असू शकत नाही ते वेगळे सांगावे लागत नाही.

पळालेली रेचोतो

भर हिवाळ्यात, गारठलेल्या तळघरात, अतिगोड रस आंबवायला घालणे म्हणजे यीस्टच्या वाटेत जमतील तेवढे अडथळे उभे करणे होय. पूर्वी या अडथळ्यांवरच सगळी भिस्त असे. थंडीत यीस्ट मंदावले की वाइन वरच्यावर निथळून दुसऱ्या पिंपात घ्यायची, तळाचा यीस्टचा गाळ मागे टाकायचा, आणि हे पुन्हा पुन्हा करून ते निष्प्रभ करायचे. आज टाकी यंत्राने थंड करतात आणि बारीक गाळणीतून वाइन गाळतात, त्यामुळे नेमकी किती साखर राखायची ते ठरवता येते. जुन्या पद्धतीत मात्र वसंत ऋतूत तळघर उबदार झाले की एखाद्या पिंपातले यीस्ट पुन्हा जागे होई, उरलेली साखर खाऊन टाकी, आणि गोड वाइनच्या जागी कडक, तीव्र, जवळजवळ कडू लागणारी वाइन मिळे. तिला स्थानिक बोलीत ‘रेचोतो स्कापा’ म्हणत, म्हणजे हातून पळालेली रेचोतो. वाइन करणाऱ्याच्या दृष्टीने ती फजिती होती.

या फजितीचे पुढे भाग्य उजळले. नेग्रारच्या सहकारी वाइनरीत १९३६ साली तळघराचे प्रमुख आदेलिनो लुक्केसे यांना विसरून राहिलेले असे एक पिंप सापडले, त्यांनी ते चाखले आणि हे कडू, म्हणजे ‘आमारो’, नव्हे, हे तर ‘अमारोने’ आहे असे उद्गार काढले, अशी कथा सांगितली जाते. कथेतला मीठमसाला बाजूला ठेवला तरी नाव टिकले, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकांची आवड गोड वाइनकडून ड्राय वाइनकडे वळली तेव्हा अमारोने इटलीच्या सर्वांत मानाच्या लाल वाइनपैकी एक झाली. लेकीने आईला झाकून टाकले. १९९० च्या सुमारापर्यंत लेबलावर ‘रेचोतो देल्ला वाल्पोलिचेल्ला अमारोने’ असेच लिहीत. तोवर कागदोपत्री तरी अमारोने ही रेचोतोचाच एक प्रकार होती. दोघींना दर्जाची सर्वोच्च इटालियन श्रेणी, डीओसीजी, २०१० च्या हंगामापासून मिळाली.

आज वाळवलेल्या द्राक्षांचा फार मोठा वाटा अमारोनेकडे जातो. दोन्हींना तीच द्राक्षे, तोच माळा, तेच महिने लागतात, पण अमारोनेला गिऱ्हाईक कितीतरी जास्त आहे. त्यामुळे रेचोतोची प्रत्येक बाटली म्हणजे न विकलेली अमारोनेची बाटली होय. तरीही अनेक घराणी दरवर्षी थोडी रेचोतो करतातच. माझ्या मते या हट्टामागे व्यवहारापेक्षा अभिमान जास्त आहे, आणि तो अनाठायी नाही, कारण साखर नेमक्या जागी रोखून धरणे हे ती संपू देण्यापेक्षा अवघड काम आहे.

नाव आणि वय

‘रेचोतो’ हा शब्द व्हेरोनाच्या बोलीतील ‘रेचे’, म्हणजे कान, या शब्दावरून आला असे बहुतेक जण मानतात. घडाच्या वरच्या बाजूला खांद्यांसारखे दोन लहान घोस फुटलेले असतात, तेच हे कान. त्यांना ऊन जास्त मिळते, त्यामुळे त्यांतले मणी अधिक गोड होतात, आणि पूर्वी वाळवणीसाठी हेच भाग निवडून घेत. दुसरे मत ‘रेटिक’ या प्राचीन नावाकडे बोट दाखवते : रोमन काळी या भागातली द्राक्षे व वाइन त्या नावाने ओळखली जात आणि कवी व्हर्जिलनेही त्यांची थोरवी गाऊन शेवटी फालेर्नियन या रोमनांच्या नावाजलेल्या वाइनच्या खालोखाल त्यांना जागा दिली आहे. मला कानांची गोष्ट जास्त पटते, कारण ती बागेतल्या कामातून आलेली आहे.

वाइनचे वय मात्र नावापेक्षाही चकित करणारे आहे. सहाव्या शतकात ऑस्ट्रोगॉथ राजांचा मंत्री कास्सिओडोरस याने राजाच्या पंगतीसाठी व्हेरोनाकडची ‘आचिनातिकुम’ नावाची वाइन मिळवण्याबद्दल लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. घरातल्या वेलींवरचे घड शरदात निवडायचे, ते राखून सुकू द्यायचे आणि ऐन थंडीत त्यांचा रस काढायचा, अशी कृती त्यात आहे. त्या हिवाळी रसाला तो द्राक्षांचे थंड रक्त म्हणतो, आणि तिच्या दाटपणाबद्दल लिहितो की हिला मांसल द्रव म्हणावे की खाण्याचे पेय म्हणावे. चौदाशे-पंधराशे वर्षांनंतरही या वाइनचे याहून चपखल वर्णन कोणी केले असेल असे मला वाटत नाही.

पेल्यात

पेल्यात ओतलेली तरुण रेचोतो गडद माणकासारखी, जवळजवळ अपारदर्शक असते. पेला थोडा फिरवला की काचेवरून थेंब रेंगाळत उतरतात. वास आधी मुरवलेल्या चेरीचा, मग आलुबुखार, कोको, दालचिनी, कधी वाळलेल्या फुलांचा. पहिल्या घोटात गोडी पुढे असते, पण घोट गिळल्यावर तोंड चिकट राहत नाही, आणि चांगली रेचोतो ओळखण्याची माझ्या दृष्टीने हीच कसोटी आहे. आंबटपणा आणि सालीतून आलेला हलका तुरटपणा मिळून गोडी पुसून घेतात आणि शेवटी कोर्विनाचा कडवट बदाम उरतो. ज्या बाटलीत हे होत नाही ती नुसते सरबत ठरते, मग लेबल कितीही भारदस्त असो. काही बाटल्यांत नाकाला किंचित व्हिनेगरसारखा चुणचुणता वास येतो. ताणाखालच्या यीस्टची ती खूण आहे. थोडा असेल तर वासाला उठाव देतो, जास्त झाला तर दोष.

सोबत काय खावे

गोड वाइनसोबतच्या खाण्याचा पहिला नियम साधा आहे : पदार्थ वाइनपेक्षा कमी गोड हवा. पदार्थ अधिक गोड असेल तर त्याच्या पुढे वाइनची गोडी जिभेला जाणवतच नाही आणि हाती फक्त तिचा आंबटपणा व अल्कोहोल लागते. म्हणून जाड क्रीमचे केक आणि पाकात बुडवलेली मिठाई रेचोतोला मारक ठरतात.

व्हेरोनाच्या लोकांनी हे फार पूर्वीच ओळखलेले दिसते. तिथला नाताळचा पान्दोरो हा ताऱ्याच्या आकाराचा, लोण्या-अंड्यांनी समृद्ध पण बेताचाच गोड पाव; दोमेनिको मेलेगात्ती याने १८९४ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्याचा मऊ, लोण्याच्या चवीचा तुकडा रेचोतोचा तुरटपणा सांभाळून घेतो. शेजारच्या मांतोव्हाची स्ब्रिसोलोना ही मक्याचे पीठ आणि बदाम घालून केलेली, सुरीने न कापता हाताने मोडायची खुसखुशीत वडी तर मला त्याहून सरस जोडी वाटते, कारण तिच्यातले बदाम आणि वाइनच्या शेवटी येणारी बदामाची छटा एकमेकांना ओळख देतात. आंबट चेरीचा मुरंबा भरलेली क्रोस्ताता, म्हणजे उघड्या तोंडाची पेस्ट्री, याच कारणाने चालते.

चॉकलेटची शिफारस मात्र डोळे मिटून केली जाते आणि तिथे थोडे थांबायला हवे. दुधाचे चॉकलेट अतिगोड असल्याने वर सांगितलेल्या नियमात अडकते. सत्तर टक्क्यांच्या आसपास कोको असलेले काळे चॉकलेट खरोखर जुळते, कारण त्याचा कडवटपणा वाइनच्या गोडीला भिडतो. नव्वद टक्क्यांच्या चॉकलेटचा कडवटपणा वाइनच्या टॅनिनशी मिळून तोंड कोरडे करतो.

सर्वांत चांगली जोडी गोड पदार्थांत नाहीच, ती चीजमध्ये आहे. खारट आणि गोड यांचा मेळ जीभ लगेच मान्य करते. निळ्या बुरशीच्या गोर्गोन्झोलाचा उग्र खारटपणा रेचोतोपुढे निवळतो आणि रेचोतोची गोडी त्याच्यापुढे कमी भासते. घरचाच सोबती हवा असेल तर लेस्सीनी डोंगरातले, गाईच्या दुधाचे, महिनोन्‌महिने मुरवलेले मोन्ते व्हेरोनेसे चीज आहे. त्याचा जुना, खुसखुशीत, किंचित तिखट झालेला तुकडा आणि बोटभर रेचोतो यांना तिसरे काही लागत नाही. इटालियन लोक अशा वाइनना ‘चिंतनाच्या वाइन’ म्हणतात, म्हणजे जेवण उरकल्यावर काहीही न खाता, हळूहळू, एकट्याने किंवा मोजक्या माणसांत प्यायच्या.

बाटली निवडताना आणि उघडल्यावर

लेबलावर ‘रेचोतो’ एवढाच शब्द पाहून बाटली घेऊ नये. शेजारच्या सोआव्हे आणि गाम्बेल्लारा या भागांतही रेचोतो होते, पण ती गार्गानेगा या पांढऱ्या जातीची, सोनेरी वाइन असते. लालच हवी असेल तर ‘देल्ला वाल्पोलिचेल्ला’ हे शब्द असायला हवेत. ‘स्पुमांते’ असेल तर ती फेसाळ आहे. असा प्रकार नियमांत आहे, पण क्वचितच दिसतो. बाटलीच्या गळ्यावर डीओसीजीची क्रमांक छापलेली कागदी पट्टी असते. साखर, आंबटपणा आणि अल्कोहोल या तिन्हींमुळे चांगल्या वर्षाची रेचोतो दहा-पंधरा वर्षे सहज टिकते. वयाबरोबर रंग विटकरी होतो आणि फळांचा वास मागे पडून अंजीर, चामडे, कॉफी असे वास पुढे येतात.

ती खोलीच्या तापमानाला देण्यापेक्षा चौदा ते सोळा अंश सेल्सिअसवर द्यावी, कारण उबदार झाली की अल्कोहोल नाकात चढते आणि गोडी सैल पडते. बाटल्या बहुधा अर्ध्या लिटरच्या किंवा ३७५ मिलिलिटरच्या असतात आणि एका माणसाला साठ-सत्तर मिलिलिटर पुरते. उरलेली वाइन बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवली तर आठवडाभर तिच्यात फारसा फरक पडत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती कित्येकदा पहिल्या दिवसापेक्षा मोकळी झालेली आढळते : चेरीचा वास थोडा ओसरतो आणि त्याच्या खालून कोको व सुक्या अंजिराचा वास वर येतो.